बाय चान्स काही झालं तर

डावा डोळा अर्धा मिटून, मान जराशी तिरकी करून ते आधी समोरच्याकडे बघत आणि मग म्हणत, "बाय चान्स…" एवढं बोलून थांबत. पुढचं वाक्य यायला वेळ लागे, आणि तेवढ्यात समोरचा चार-पाच संकटं मनातल्या मनात मोजून घेई. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दोनच शब्द बोलून तुम्हाला टांगून ठेवतात आणि स्वतः शांतपणे पेनाचं टोपण लावत बसतात.

चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी, एका सरकारी कारखान्यात, आस्थापना विभागात, आम्ही सहा वर्षं शेजारी शेजारी बसलो. कारखान्यात काय काय बनतं ते सांगायचं नसतं, आणि खरं म्हणजे मला ते नीट माहीतही नाही. आमच्या खोलीत फक्त कागद बनत. रजेचे, बढतीचे, निवृत्तीचे. चेन्नईत सगळेच पुरुष 'सार' असतात, म्हणजे सर, अगदी बसचा कंडक्टरसुद्धा. पण आमच्या खोलीत नुसतं 'सार' म्हटलं की ते एकच. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी स्वतःच डोळा मिटून विचारलं असतं, "बाय चान्स कोणी वाचलें तर?"

ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीतरी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मी सांगलीची, बदलीवर आलेली. नवरा पुण्यात, मी आवडीच्या क्वार्टर्समध्ये. तिथल्या पहिल्याच आठवड्यात दुपारी मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर हे माझ्या टेबलापाशी उभे.

"तुम्ही बाय चान्स मराठी की?"

समोर माझ्या आडनावाची पाटी होती. आत्ताच मी दहा मिनिटं भाजीच्या दरांवर मराठीत भांडले होते. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मला वाटलं, माझं काही चुकलं. आमच्या खोलीतली तिसरी, सेल्वी, तिने मला नंतर सांगितलं की त्यानंतर अर्धा तास सारनी एकही फाईल उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते एक वाक्य तयार करून आले. "काल म्यां तुमची भाषा ऐकिली. आमचीच की."

आमचीच, पण कशी! त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि शब्द जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखे. ते मला 'बाई' म्हणत. आमच्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या, त्यामुळे ते हाक मारायचे तेव्हा हातात छडी असल्यासारखं वाटे. त्यांच्या दर चार वाक्यांतलं एक मला समजत नसे आणि माझ्या दर चारांतली दोन त्यांना. एकदा मी 'वैताग' म्हणाले तर त्यांनी अर्थ विचारला. मला तो सांगता येईना. आठवडाभराने नवी संगणक प्रणाली बंद पडली तेव्हा ते पडद्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "हा वैताग कांही बरा नाही, बाई." मी हसले. त्यांना का हसले ते कळलं नाही, पण तेही हसले.

जिथे दोघांचंही अडे तिथे आम्ही इंग्रजीवर येत असू. आणि इंग्रजीतले त्यांचे हे दोन शब्द. ते मराठीत असत, तमिळमध्ये असत, फोनवर असत, शेऱ्यांतही असत. अडचण एवढीच होती की त्यांचं वजन मला कधी कळलं नाही. जी गोष्ट घडणं जवळजवळ अशक्य, तिलाही बाय चान्स. जी घडणारच, तिलाही बाय चान्स.

त्या पहिल्या पोंगलच्या आधी ते मला म्हणाले, "बाय चान्स आदितवारीं जेवायास येतां की?" मला वाटलं, बोलायची पद्धत आहे, आपण कधी तरी चहाला या म्हणतो तशी. मी "बघू" म्हणाले आणि रविवारी दुपारी झोपले. सोमवारी त्यांनी माझ्यापुढे चार पुडांचा डबा ठेवला. पुरणपोळी, आंबट भाजी, ताकातलं काहीतरी, भात. सगळं त्यांनी एकट्याने केलेलं. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन पानं मांडून ते तीन वाजेपर्यंत बसले होते. हे त्यांनी नाही, सेल्वीने सांगितलं. मी माफी मागितली तर ते उलट मलाच समजावू लागले, की म्यां बाय चान्स म्हटलें होतें, तुमची कांही चूक नाही.

मग मी धडा घेतला. सारांचं बाय चान्स म्हणजे नक्की. पुढे एकदा ते म्हणाले, बाय चान्स या वर्षी तुमची पुण्याला बदली होईल. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला कळवलं. त्याने सोसायटीत मोठ्या जागेची चौकशीसुद्धा सुरू केली. बदली झाली नाही. यादीत माझं नावही नव्हतं. मी त्यांना विचारलं तेव्हा ते गोंधळून गेले. "पण म्यां बाय चान्स म्हटलें होतें की," म्हणाले.

सेल्वीला हा प्रश्न पडत नसे. तमिळ लोकांचा स्वतःचा एक चान्स आहे. एखादी गोष्ट अशक्य असली किंवा फारच झकास असली की ते म्हणतात, 'चान्से इल्ल', म्हणजे शक्यच नाही. सारनी बाय चान्स म्हटलं की सेल्वी मान वर न करता म्हणे, "चान्से इल्ल, सार." दिवसातून आठ-दहा वेळा तरी. एक कामगार मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवसांची रजा मागायला आला होता. सारनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, रजा रद्द करायचा अर्जही आत्ताच देऊन ठेवा, बाय चान्स लग्न मोडलं तर धावपळ नको. तो माणूस लाल झाला. सेल्वीने उठून त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, चान्से इल्ल, मुलीला आशीर्वाद सांगा. लग्न झालं. सार स्वतः गेले होते आणि सगळ्यांत आधी जाऊन पुढच्या रांगेत बसले होते, असं तो कामगारच नंतर हसत सांगत होता.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक वेल्डर उन्हाने चक्कर येऊन पडला, आणि त्याच्या घरी कुणाला कळवायचं तेच कुणाला माहीत नव्हतं. त्यावरून वरून हुकूम आला, की सगळ्यांची ओळखपत्रं नवी करायची आणि मागे एक नाव आणि फोन नंबर छापायचा. ते काम आमच्याकडे आलं. तीन आठवडे आमच्या दारात रांग होती. सार प्रत्येकाला विचारत, "बाय चान्स काही झालं तर कोणाला कळवायचं?" तमिळमध्ये विचारत, पण ते दोन शब्द तसेच. कुणी बायकोचं नाव देई, कुणी भावाचं. एक म्हातारा फिटर म्हणाला, मला काय होतंय, चान्से इल्ल, रकाना रिकामा ठेवा. सार त्याच्यापुढे वीस मिनिटं बसून राहिले. शेवटी त्याने जावयाचा नंबर दिला.

सारनी स्वतःचा फॉर्म स्वतः भरला. मी पाहिला नाही.

पुढच्या फेब्रुवारीतला तो रविवार. सकाळी अकराच्या सुमाराला मी इडलीचं पीठ ढवळत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. एका खाजगी हॉस्पिटलमधून. बाई आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत बोलली. तुमचे पेशंट आवडी स्टेशनच्या पुलावर पडले, लोकांनी आणलं, लगेच या. मी म्हटलं माझा पेशंट कुणी नाही. तिने सारांचं नाव वाचलं. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. रविवारीसुद्धा, भाजी आणायला जाताना. मागे माझं नाव आणि माझा नंबर.

रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा काळजी नाही, आश्चर्य वाटलं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. त्यांना एक मुलगी होती, बेंगळुरूला, सॉफ्टवेअरमध्ये. सेल्वी पंचवीस वर्षं त्यांच्यासमोर बसत होती. मग मी का? मी सहा वर्षांत त्यांच्या घरी एकदाही जेवले नव्हते.

आयसीयूच्या दारात नर्स भेटली. तरुण होती, हसऱ्या चेहऱ्याची. म्हणाली, तुम्ही आलात ते बरं झालं, पेशंटला आमचं काही कळत नाही आणि ते सारखे सोडा मागतायत. सोडा वगैरे काही देता येणार नाही, त्यांना समजावा.

मी आत गेले. उजवा हात पलंगावर वेगळाच ठेवल्यासारखा पडला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला बघून त्यांचा डावा डोळा उघडला.

"सोडा," ते म्हणाले. "बाई. मला सोडा."

नर्स माझ्यामागे उभी होती. "बघा," ती तमिळमध्ये म्हणाली, "सोडा."

मी तिला सांगितलं की ते प्यायचं नाही, तो मराठी शब्द आहे. तिने विचारलं, म्हणजे काय? तुम्हीच सांगा, काय सांगायचं? मला सोडा म्हणजे मला जाऊ द्या. मला सोडा म्हणजे मला घरी पोचवा, रिक्षावाल्याला म्हणतो तसं. मला सोडा म्हणजे माझा नाद सोडा, माझ्यासाठी धडपडू नका. मी नर्सला म्हणाले, काही नाही, ते कंटाळले आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला आहे. भाषा तिथेच असते. कधी कधी नंतर शिकलेल्या भाषा जातात आणि लहानपणची तेवढी उरते, कधी उलट होतं, नक्की कुणालाच सांगता येत नाही. सारांचं तमिळ गेलं होतं. आयुष्यभर ज्या भाषेत त्यांनी भाजी घेतली, भांडणं केली, ऑफिस चालवलं, संसार केला, ती भाषा नर्स बोलायला लागली की ते तिच्याकडे परदेशी माणसाकडे बघावं तसे बघत. मी मराठीत बोलले की मान हलवत.

मी कळवल्यावर सेल्वीने ऑफिस उघडून घेऊन सर्व्हिस बुकातून मुलीचा नंबर काढला. मुलगी संध्याकाळी पोचली. तिशीची असेल. डोळे थेट सारांचे. ती बापापाशी बसली, त्यांचा चांगला हात धरून तमिळमध्ये बोलत राहिली, अप्पा अप्पा करत. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. पण तिच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही. मग बाहेर येऊन तिने मला इंग्रजीत विचारलं, "तुमचा नंबर का? माझा का नाही?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला माहीत नाही, मी म्हणाले, आणि ते खरं होतं. आम्ही दोघी बाकावर बसलो. तिने पुन्हा विचारलं, ते काय बोलतायत ते तुम्हाला समजतं? थोडंफार, मी म्हणाले. मला एक अक्षर समजत नाही, ती म्हणाली. आई तमिळ, घरात तमिळच. बापाने कधी शिकवलं नाही. आत्याशी फोनवर बोलायचे तेवढंच. आत्या गेल्यावर तेही बंद.

मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, पाट्टी. पाट्टी म्हणजे आजी, सारांची आई.

तिने सांगितलं ते असं. ती सात वर्षांची असताना आजी हॉस्पिटलमध्ये होती. सार कारखान्याच्या कामाने जबलपूरला गेले होते. आजी शेवटी शेवटी तमिळ विसरली आणि दोन दिवस तिच्या मराठीत काहीतरी एकच मागत राहिली. सून तमिळ, नर्सा तमिळ. कुणी पाणी दिलं, कुणी खिडकी उघडली, कुणी देवाचा फोटो आणला. ती मान हलवून नाही म्हणे आणि परत तेच. सार परत आले तेव्हा तिचं बोलणं थांबलेलं होतं. त्यांनी नर्सला विचारलं, ती काय म्हणत होती? नर्सने आठवून आठवून तो आवाज काढून दाखवला. सारनी तिच्याकडून तो चार-पाच वेळा म्हणवून घेतला. त्यातून कोणताच शब्द होईना. "अप्पा घरी येऊनही तो आवाज तोंडातल्या तोंडात काढून बघायचे," ती म्हणाली. "मला भीती वाटायची."

आता माझा नंबर का होता ते दोघींनाही कळलं होतं. पण ज्या कामासाठी त्या माणसाने मला नेमलं होतं ते काम मला येत नव्हतं. सकाळपासून ते मला एकच शब्द सांगत होते, आणि मी, सांगलीची, मराठी माध्यमातून शिकलेली, तो ऐकून गोंधळून उभी होते.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी मुलीला बोलावलं. सूज वाढते आहे, कवटीचं हाड काढून जागा करावी लागेल. ऑपरेशन झालं तर जगण्याची आशा आहे. मात्र हातपाय, बोलणं किती परत येईल याची हमी नाही. लवकर ठरवा, सही लागेल. मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, "अक्का, त्यांना विचारा. त्यांना काय हवंय ते विचारा."

सार झापडीत होते. मी वाकून सावकाश विचारलं, "सार, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. डोक्याचं. करायचं का?"

त्यांनी डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. तिच्याकडे जरा जास्त वेळ.

"सोडा," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

तिच्या हातात सहीचा कागद होता. इंग्रजीत सांगायचं तर एक क्रियापद निवडावं लागतं. मराठीसारखं तीन अर्थ एका शब्दात घालून पुढे सरकवता येत नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे परत बघितलं. काही कळलं नाही. मग तिच्याकडे बघितलं.

"ते म्हणतात, मला घरी घेऊन चल," मी म्हणाले.

तिने सही केली.

ऑपरेशन झालं आणि ते जगले. चौदा महिने. मुलगी त्यांना बेंगळुरूला आपल्या घरी घेऊन गेली. काही तमिळ हळूहळू परत आलं, वेंडाम, पोदुम, म्हणजे नको, पुरे, असं. इंग्रजीतले तेवढे दोन शब्द मात्र शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द वेगळ्या कप्प्यात असतात. पण आता त्यांच्यापुढे वाक्य नसे. ते डोळा अर्धा मिटून म्हणत, "बाय चान्स," आणि थांबत. आम्ही वाट बघत असू. ते स्वतःही बघत. मग काही येत नाहीसं पाहून खिडकीकडे वळत.

दर रविवारी सकाळी मुलगी व्हिडिओ कॉल लावी. सार बोलत, मी तिला सांगे. पाठीला रुततंय म्हणतात. पंखा कमी कर म्हणतात. तुझी आई तुझ्यासारखीच दार आपटायची म्हणतात. यातलं किती त्यांनी म्हटलं होतं आणि किती मी जुळवलं, ते खरंच सांगता येणार नाही. जुने शब्द, अर्धं तोंड, मध्येच अडकणारा फोन. एकदा ते दोन-तीन मिनिटं सलग बोलले, डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्यातलं 'पायरी' आणि 'धाकटी' एवढंच समजलं. मी तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, चालेल, पायरी आणि धाकटी. तिने तेवढंच ठेवून घेतलं.

एकदा ती पाणी आणायला आत गेली असताना मी त्यांना विचारूनच टाकलं. सार, हॉस्पिटलमध्ये तुम्ही सोडा म्हणालात, ते काय? मी घरी सोडा असं सांगितलं. बरोबर सांगितलं का?

त्यांनी मान पडद्याकडे पुढे केली. मग त्यांच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. हसले की काय ते मला आजही ठरवता येत नाही.

"कोणास?" त्यांनी विचारलं.

कोणास सांगितलं की कोणास सोडायचं, ते विचारणार तेवढ्यात ती आली. मग मी पुन्हा विचारलं नाही. मनात मात्र तो खटला अजून चालू आहे. कधी वाटतं, मी त्यांना चौदा महिने दिले. कधी वाटतं, एका माणसाने सुटका मागितली आणि मी त्याला पलंगावर बांधून ठेवलं, कारण समोर एक मुलगी रडवेली उभी होती. सेल्वीला विचारलं तर ती म्हणाली, दुसरा कुठला अर्थ सांगायची तुझी हिंमत झाली असती का? नसती झाली. पण म्हणून हा अर्थ खरा ठरतो का?

या एप्रिलमध्ये ते गेले. सकाळी, कॉफी झाल्यावर, खुर्चीत. मुलीने कळवलं तेव्हा मला जाता आलं नाही. तेरावं झाल्यावर गेले. ऑफिसातल्या त्यांच्या खणातल्या वस्तू सेल्वीने एका कापडी पिशवीत भरून दिल्या होत्या. जादाचा चष्मा, कंगवा, एक स्टीलचा पेला, निवृत्तीच्या दिवशी वाचायला म्हणून त्यांनी आधीच लिहून ठेवलेली, कधी न वाचलेली आभाराची चार ओळींची चिठ्ठी.

मुलीने दार उघडलं. केस बांधलेले, घरातली सलवार, डोळे सुजलेले पण शांत. आम्ही तमिळमध्ये दोन शब्द बोललो. मी पिशवी पुढे केली.

"राहूं दे," ती म्हणाली.

मराठीत. सारांच्याच हेलात. मी चपापले. तिला हे नकोय, आठवणी नकोत, असं वाटून मी हात मागे घेतला. तोवर तिने दोन्ही हात पुढे केले होते. पिशवी मध्येच लोंबकळली आणि पडता पडता वाचली. तिने ती घट्ट छातीशी धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"चुकलं का माझं?" तिने विचारलं. "अप्पा म्हणायचे. मी पाणी दिलं की, गोळी दिली की, पांघरूण ओढून दिलं की. दर वेळी. राहूं दे. याचा अर्थ थँक यू ना?"

हे तिने मला कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नसणार. चौदा महिने, दिवसातून किती वेळा कुणास ठाऊक, तिने बापाच्या तोंडून आभार ऐकले होते.

"हो," मी म्हणाले. "उच्चारही बरोबर आहे."

तिने मला बसायला सांगितलं आणि पिशवी घेऊन आत गेली. खिडकीपाशी सारांची खुर्ची होती, तिच्यावर मी बसले नाही. थोड्या वेळाने ती कॉफीचे दोन पेले घेऊन आली आणि एक माझ्यापुढे धरला.

"राहूं दे," मी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी घेतला.